पाणी सोड

आमच्या बैठकीत, दारातून आत आल्याआल्या नजर पडेल अशा भिंतीवर, जलरंगातलं एक चित्र टांगलेलं आहे. केशोरीचा तलाव, सकाळची वेळ. चौकटीखाली पितळी पट्टी आहे आणि पट्टीवर माझ्या भावाचं नाव कोरलेलं आहे, ईश्वरदास भैयाजी. येणारा माणूस आधी पट्टी वाचतो, मग चित्र बघतो आणि मग वाहवा म्हणतो. पट्टी नसती तर वाहवा कुणाची करायची, हे बिचाऱ्यांना कळलं नसतं.

मला मात्र त्या चित्राकडे बघितलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही कोहळी. जमिनीला उतार दिसला की पाळ घालून पाणी अडवायचं, ही आमच्या लोकांची जुनी खोड. हा तलाव माझ्या पणजोबांनी बांधला, म्हणून तलावाच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द आमच्या घराचा. तलावाचं पाणी बाहेर काढायला दगडी तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. त्याला खाली-वर भोकं आणि भोकांत लाकडी दट्टे. दट्टा उपसला की पाणी पाटानं धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत जातं. कुणाच्या बांधीत आधी आणि कुणाच्या मागून, हे बघणारा माणूस म्हणजे पाणकर. आमचा पाणकर होता सुकराम. त्याचा बाप पाणकर, आजा पाणकर. तो पाटाच्या काठानं चालत निघाला की वयानं मोठी माणसंही त्याला आधी रामराम करायची. त्याला ते आवडायचं, आणि का आवडू नये?

तुडुम उघडायची वेळ मात्र तो ठरवत नसे. बाबा आणि गावातले जाणते मिळून ती ठरवायचे, तुडुमाजवळ नारळ फोडायचे, आणि मग आमच्या घरून हुकूम जायचा, 'पाणी सोड'. एका प्रसंगी मात्र नारळ लागत नसे. पाळ फुटायला आली की जो पाहील तो ओरडायचा, 'पाणी सोड, सारं सोड', आणि पाणकरानं सगळे दट्टे उपसायचे. तिथं विचारत बसायला वेळ नसतो.

आता दादाबद्दल. दादा नागपुरात चित्रकलेच्या वर्गात जात होता. परीक्षा काही पूर्ण झाली नाही, पण विलायती रंगांची पेटी, एक जाड इंग्रजी पुस्तक आणि डोळे बारीक करून लांबून बघायची सवय, एवढं घेऊन तो परत आला. बाबांना चित्रांचं काही कौतुक नव्हतं. पण नागपूरच्या प्रदर्शनात मोठे साहेब येतात, पदक देतात, हे कळल्यावर त्यांनी दादाला पाळीवर बसायची मोकळीक दिली. घरात एक पदक असावं असं त्यांना फार वाटे.

आणि मी, शामकला, दादाची धाकटी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि मी माहेरी आले. विधवेनं उठून पाळीवर जाऊन बसायचं म्हणजे गाव काय म्हणेल? म्हणून ठरलं असं की मी दादाची छत्री धरायला जाते. उन्हानं रंग लवकर वाळतात, छत्री लागतेच. काही दिवस मी खरंच छत्री धरली. धरून धरून बघितलं आणि माझ्या ध्यानात आलं की दादाला रंगांची माहिती सगळी आहे, पण हात जड आहे. जलरंग एकदा लावला की गप्प बसावं लागतं. दादाला गप्प बसवत नसे. निळ्यावर पिवळा, त्यावर तांबडा, परत निळा, आणि आभाळाचा शेवटी रोवणीचा चिखल व्हायचा.

एकदा वैतागून त्यानं कुंचला माझ्याकडे फेकला. "घे, तूच कर." मी कागद ओला केला, त्याखालची लाकडी पाटी तिरपी धरली आणि निळा रंग वरून खाली वाहू दिला. एवढंच केलं. दादानं पाटी माझ्याकडेच राहू दिली. त्या दिवसापासून आम्ही छत्री झाडाला बांधायला लागलो.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा होता, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. चांगला कागद मुंबईहून मागवावा लागे आणि तो संपला होता. गोंदियाहून आणलेला कागद रंग पिऊन टाकायचा, डाग पडायचे. मी त्याला धावड्याचा डिंक लावून पाहिला, तर कागद तडकला. फटकडी लावली, तर रंग फुटकुळ्यांसारखा जमला. मग एक दिवस भाताची पातळ पेज फडक्यानं गाळून, तिच्यात चिमूटभर फटकडी घालून कागदावर फिरवली आणि सावलीत वाळवली. त्या कागदावर रंग आत मुरेना, वरच राहिला आणि उजळ दिसला. शिवाय आणखी एक गोष्ट कळली. लावलेला रंग नको वाटला तर ओल्या कुंचल्यानं तो भिजवायचा आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं टिपायचा, रंग उचलून येतो. अगदी पूर्ण नाही. फिकट ओलसर छटा मागे राहते. दादाला हे उचलणं जमत नव्हतं, मी त्याचा हात धरून शिकवलं.

त्याचं शिकवणंही खोटं नव्हतं, ते मी मान्य करते. तो म्हणायचा, जलरंगात पांढरा रंग नसतो, पांढरं सोडायचं असतं. कागद तसाच ठेवायचा, तोच उजेड. म्हणून पाळीवर आमची बोली अशी चालायची, बगळा सोड, ढगाची कड सोड, पाणी सोड. मला हसू यायचं. माझ्याकडून कुंकू सोडवलं होतं, सासर सोडवलं होतं, सणावारात पुढे येणं सोडवलं होतं. पहिल्यांदा काहीतरी सोडून काहीतरी दिसत होतं.

पोळा झाला आणि दोन दिवसांनी आम्ही प्रदर्शनासाठीचं चित्र काढायला बसलो. तलाव काठोकाठ भरलेला, बांध्यांतही पाणी उभं, आभाळ स्वच्छ. पाळीच्या एका टोकाला उंचावर मी पाटी मांडीवर घेऊन बसले होते. पाळ माझ्यासमोर वळत गेली होती आणि मध्यावर तुडुम दिसत होतं. आभाळ झालं, पलीकडची झाडं ओल्यावरच टेकवली, ती छान पसरली. तुडुमाजवळ सुकराम गवत काढत होता. मी मातकट रंगाच्या दोन फटकाऱ्यांत त्याचं अंग उभं केलं. दादा सवयीप्रमाणे उठून पाळीवरून बराच लांब गेला आणि डोळे बारीक करून तिथून माझी पाटी बघायला लागला. सुकरामकडे त्याची पाठ होती.

मी निळ्यात कुंचला बुडवला. दादाला तिथूनही ते दिसलं. मी आता पाण्यावर रंग चढवणार आणि उजेड मारणार या भीतीनं तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "पानी सोड! सोड पानी! पाळीपर्यंत सारं सोड!"

मी कुंचला धुतला आणि पाणी सोडलं. तेवढ्यात तिकडे सुकराम उठून उभा राहिला, एक हात वर करून काहीतरी ओरडला. वारा उलटा होता, मला शब्द आले नाहीत. दादानं मागे न बघताच, मध्ये बोलू नको म्हणून माणूस झटकतो तसा, हात झटकला. सुकरामचा तो वर केलेला हात मला इतका चांगला वाटला की मी तो लगेच चित्रात घेतला. बोटाएवढाही नाही, पण हात वर करून काही विचारणारा माणूस आहे हे कुणालाही कळलं असतं.

त्यानंतर मी कागदावरून मान वर केली नाही. चित्र झालं. चांगलं झालं हे आम्हा दोघांनाही कळलं. ऊन चढायच्या आत सामान गोळा करून आम्ही घरी आलो. दादा वाटेत गात होता.

संध्याकाळी गावात आरडाओरडा सुरू झाला. तुडुमाचे सगळे दट्टे उपसलेले, अगदी तळाचासुद्धा. पाटाखालच्या बांध्यांचे धुरे, म्हणजे मातीचे काठ फुटले, कोवळं धान आडवं झालं. पाण्याच्या जोरापुढे दट्टा परत बसेना. माणसांनी धानाचं तणस आणि चिकणमाती कोंबून तोंड बंद केलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि तलावाच्या कडेचा गाळ उघडा पडला होता. त्यानंतर पाऊस असा गेला की हस्तही कोरडा गेला. पण ते पुढचं. त्या दोन दिवसांतच गावाला कळून चुकलं होतं की धान पोटरीत येईल तेव्हा तलावात द्यायला पाणी नसेल.

आमच्या बैठकीत गाव जमलं. मी आतल्या दाराआड उभी होते. सुकराम खाली बसला होता. त्याची पाणकरकी राहते की जाते, याचा निवाडा होता, आणि ती गेली तर त्याच्यापाशी दुसरं काही नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काऊन उपसले गा दट्टे?" बाबांनी विचारलं. "नारळ नाई फोडला, निरोप नाई गेला."

सुकराम म्हणाला, "लहान मालक वरडले, सारं पानी सोड म्हनून. मले वाटलं पाळ फुटून राहिली. तरी म्या हात वर करून इचारलं, सोडू का म्हनलं. त्यायनं हातानंच सांगतलं, सोड."

बाबा दादाकडे वळले. "काऊन गा ईश्वरदास? तू म्हनलास का असं?"

मला वाटलं आता दादा हसेल, कपाळावर हात मारेल आणि सांगून टाकेल. एक वाक्य होतं. सगळं गाव त्याला वर्षभर हसलं असतं, बाबांनी रंगांची पेटी विहिरीत टाकली असती, नागपूरचं प्रदर्शन हुकलं असतं. त्यापलीकडे काही नाही. सुकराम वाचला असता.

"म्या कायले म्हनू?" दादा म्हणाला. "म्या चित्र काढून राहिलो होतो. मले तलावाचं काय कळते?"



मग मीच बाहेर आले. बैठकीत गाव बसलेलं असताना मी कधी उंबरा ओलांडला नव्हता. म्हटलं, "दादा म्हनला होता, बाबा. पन सुकरामले नाई, मले म्हनला. कागदावरचं पानी सोड म्हनला. म्या चित्र काढून राहिली होती."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सेवकराम नावाचे एक म्हातारे, ज्यांच्या पुतण्याला पाणकरकी हवी होती, म्हणाले, "कागदावरचं पानी कोन्या तुडुमातून जाते व बाई?" आणि सगळी बैठक हसली.

दादा हसला नाही. तो अगदी हळू बोलला, जणू माझी अब्रू झाकतोय. "शामा चित्र नाई काढत, बाबा. ते छत्री धरते. तिले सुकरामची दया आली, म्हनून बोलून राहिली."

हसणं थांबलं. विधवा बाईला परक्या पुरुषाची दया आली म्हटल्यावर माणसं हसत नाहीत, ती एकमेकांकडे बघतात. बाबांची मान खाली गेली. दादा एवढा हुशार आहे हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

पण माझ्याकडे साक्ष होती. मी धावत दादाच्या खोलीत गेले, पाटीसकट चित्र उचललं आणि बैठकीच्या मधोमध आणून धरलं. "पाहा, बाबा. तुडुमापाशी सुकराम हात वर करून इचारून राहिला. म्या काढला..."

बाबा वाकून बघायला लागले. मीही वाकले.

सुकराम तिथं नव्हता. तुडुम होतं, पाळ होती, गवत होतं. सुकरामच्या जागी फिकट ओलसर छटा होती, बोटाएवढीही नाही. कुंचल्यानं भिजवून, मऊ फडक्यानं टिपून, कागदाचा एक तंतूही न दुखावता रंग उचललेला होता. जड हाताच्या माणसाला एवढं सफाईचं काम आयुष्यात एकदाच जमलं आणि ते मी शिकवलं होतं.

मी दादाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

पाणकरकी सेवकरामच्या पुतण्याला मिळाली. सुकराम उठला, धोतर झटकलं आणि दारापाशी थांबून दादाला म्हणाला, "मालक, पुढच्या डावा सोड म्हनसाल, तवा कोनाले म्हनता त्याचं नाव घेऊन म्हना." बाबांनी तोंड फिरवलं. दादानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

त्या वर्षी अर्ध्या गावाचं धान पळंजीचं निघालं, दाणा भरलाच नाही. चूक कुणाची होती ते बाजूलाच राहिलं, सगळ्यांनी शिव्या मात्र सुकरामला दिल्या. जे आधी रामराम करायचे ते आता त्याला पाहिलं की पाटाच्या पलीकडून जायचे. पुढचा हंगाम यायच्या आत तो तुमसरकडे खाणीवर कामाला गेला. तिथंच तापानं गेला. निरोप आला तेव्हा त्याची बायको धुरपताबाई आमच्याच खळ्यावर पाखडत होती.

माझं छत्री धरणं त्याच दिवशी बंद झालं. रंगांवर मी पाणी सोडलं. बघा, हाही तोच शब्द. आमच्या भाषेत एवढे शब्द असताना माझ्या वाट्याला फिरून फिरून हाच येतो.

चित्र अर्जुनीच्या स्टेशनावरून नागपूरला गेलं आणि पदक घेऊन आलं. प्रदर्शनातल्या साहेबानं काय म्हटलं ते दादानं जेवताना बाबांना सांगितलं. पाणी तर उत्तम सोडलंच आहे, पण पाळीवर तुडुमाजवळ जे धुकं दाखवलंय, ते फार थोड्यांना जमतं. बाबा खूश झाले. पोळ्यानंतरच्या त्या सकाळी धुकं नव्हतं. 

त्यानंतर दादानं बरीच चित्रं सुरू केली. सगळ्यांचा चिखल झाला. एकदा तो माझ्यामागे स्वयंपाकघरात आला आणि चुलीकडे बघत म्हणाला, "शामा, एक आभाळाचा थर देऊन दे. कोनाले कळनार नाई." मी म्हटलं, "छत्री धरनारीले त्यातलं काय कळते, दादा?" तो परत आला नाही. रंगांची पेटी माळ्यावर गेली. आता तो खादी घालतो, स्वराज्य येणार म्हणून गावोगाव सभा घेतो. गोंदियाला त्यानं सत्यावर भाषण केलं. फार चांगलं झालं म्हणे.

परवा दिवाळीच्या झाडलोटीला धुरपताबाई आली होती. ती दर वर्षी येते. घरच्या चौकटी पुसायचं काम तिच्याकडे असतं, कारण तिचा हात हलका आहे. मी पलंगपोस बदलत होते. बराच वेळ झाला तरी ती त्या चित्रापासून हलेना. काचेवर फुंकर मारायची, पदरानं घासायची, डोळे जवळ नेऊन बघायची, परत घासायची. तुडुमाजवळ, त्याच जागी.

"हा डाग जाऊनच नाई राहिला, बाई," ती म्हणाली. "किती वर्षांपासून घासून राहिली मी. मालक म्हनतील, धुरपता बराबर पुसत नाई."

मला तेव्हा जे वाटलं ते सांगता येत नाही. राग होता, पण नुसता राग नव्हता. इतकी वर्षं दर दिवाळीला ती त्याला पुसत होती आणि मी या घरात असून एकदाही तिच्याजवळ उभी राहिले नव्हते.

"तो डाग नाई, धुरपता," मी म्हटलं. "काचेच्या आतला आहे. तो सुकराम आहे. म्या काढला होता, हात वर केलेला. दादानं पुसला."

तिनं काचेवरचा हात तेवढा काढून घेतला. थोडी मागे सरली आणि ज्या पदरानं इतका वेळ घासत होती, तो झटकून डोक्यावरून घेतला, पुढे कपाळापर्यंत ओढला, नवरा समोर आल्यावर घेतात तसा.

मग तिनं बादली उचलली आणि पुढच्या भिंतीकडे गेली. त्या चौकटीची उरलेली काच तिनं पुसली नाही. दुपारी दादा बाहेरून आला, चित्राकडे बघून म्हणाला, धूळ राहिली आहे, आणि मी म्हटलं, राहू दे.